खिशातली जांभळी खूण

"गोळ्या कोण द्यायचं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि साऱ्या नजरा धाकट्या सुनेकडे वळल्या.

सकाळी सासऱ्यांना रक्ताची उलटी झाली होती. आता ते आत बेशुद्ध होते, आणि त्यांच्या रक्तात ॲस्पिरिन भरमसाट सापडलं होतं. किती गोळ्या, किती दिवस, हे कळलं नाही तर उपचार अंदाजानेच करावे लागणार होते.

"रोज एकच देते हो, हृदयासाठीची. पाकीट मोजा!"

पाकिटातल्या गोळ्यांचा हिशोब बरोबर निघाला. तरी नणंद पुटपुटली, "दुसरं पाकीट असेल." धाकटीचा नवरा खाली मान घालून बसला होता. बायकोच्या बाजूने चकार शब्द नाही.

थोरली जाऊ औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती धाकटीला घेऊन तडक घरी आली.

"मामंजींची काही तक्रार?"

"कानात घुं घुं होतं म्हणायचे. गुडघा मात्र दुखायचा थांबला होता."

"आणखी काही?"

"धुण्यातल्या शर्टाला व्हिनेगरचा वास येतोय. आपल्याकडे कुठलं आलंय व्हिनेगर?"

"शर्ट कुणाचा?"

धाकटीने शर्ट उचलून पुढे केला. "ह्यांचा."

माळ्याखाली स्टूल होतं. थोरली वर चढली आणि काहीतरी पिशवीत घालून उतरली. मग तिने शर्टाच्या खिशावर पर्समधल्या, प्रयोगशाळेतून आणलेल्या बाटलीतला एक थेंब टाकला. कापड जांभळं झालं.

दवाखान्यात परतल्यावर थोरलीने पिशवीतून बरणी काढली.

"मामंजी कंपाउंडर होते, तेव्हाच्या ह्या सुट्या गोळ्या. झाकण सैल. ओल लागली की ॲस्पिरिन फुटतं, व्हिनेगरचा वास सुटतो, आणि मागे उरतं ते पोट जाळणारं आम्ल. माझा थेंब त्यानेच जांभळा होतो. पाकिटातल्या गोळीवर होत नाही, तीही तपासली. मामंजींना स्टुलावर चढवत नाही. भावजी, किती दिल्यात?"

नवरा ढसाढसा रडू लागला. "रोज दहा-बारा, गुडघ्यासाठी. आठवडाभर. बाबाच म्हणाले, ॲस्पिरिन कधी बिघडत नाही, बायकांना सांगू नकोस."

डॉक्टर आत धावले.

संध्याकाळी सासऱ्यांनी डोळे उघडले. नवरा बायकोजवळ आला.

"मी घाबरलो होतो गं."

"मीही घाबरले होते," ती म्हणाली. "सकाळपासून तुमच्याकडेच बघत होते."