तपकिरी जलाब्यातला गाइड

माझं नाव तहामी. फेझ शहरात परवानाधारक गाइड म्हणून मी बावीस वर्षं काम केलं, आणि त्या बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध एकही तक्रार गेली नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की मी कामात कच्चा असणार. तसा मी नव्हतो.

एप्रिलमध्ये ट्युनिसहून एक कुटुंब आलं. चौघंच जण. डॉक्टर मोन्सेफ, डोळ्यांचे डॉक्टर, मोजकं बोलणारे. त्यांची बायको सलवा. अकरा वर्षांची मुलगी युस्र. आणि डॉक्टरांची आई; हजला जाऊन आलेली म्हणून तिला सगळे हाज्जा म्हणत. हाज्जा दोन्ही कानांनी ठार बहिरी होती.

"नऊ वर्षं झाली," सलवानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणते, म्हणून ते घरीच ठेवून आलीय. तुम्ही ओरडायच्या भानगडीत पडू नका, तहामीसाहेब. ती नुसतं बघूनही खूश असते."

सहा दिवसांचा बेत होता. दोन दिवस फेझमध्ये, मग डोंगर ओलांडून मेर्झूगाची वाळू, आणि परत. गाइडही मीच, गाडी चालवणाराही मीच.

जुन्या मदरशासमोर, भिंतीत उंचावर, पाण्याच्या घड्याळाचे अवशेष आहेत. ते घड्याळ कसं चालायचं हे आज कुणालाच ठाऊक नाही. ती गोष्ट मी सांगतो तशी फेझमध्ये दुसरं कुणी सांगत नाही, असं मी मानत होतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं माझं ठरलेलं. मी मदरशाची तिकिटं काढायला गेलो. फार तर चार मिनिटं लागली असतील. परत आलो, घसा साफ केला आणि वर बोट दाखवलं.

"ते झालं की," युस्र म्हणाली. "दुसऱ्या गाइडनी सांगितलं."

"कुठल्या दुसऱ्या?"

"तपकिरी जलाब्यातले. आत्ता इथेच होते ना!"

जलाबा म्हणजे आमच्याकडचा टोपीचा पायघोळ झगा; त्या गल्लीत तपकिरी जलाबा घातलेले निदान वीस जण दिसत होते. बिनपरवान्याचे भामटे आमच्याकडे पुष्कळ. गिऱ्हाईक एकटं दिसलं की येऊन चिकटतात. "पैसे मागितले का त्यानं?" मी विचारलं.

"छे हो," डॉक्टर म्हणाले. "सभ्य माणूस. आणि सांगतो काय सुरेख!"

डॉक्टरांच्या तोंडून तोवर मी इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. माझ्या गोष्टी ऐकून ते फक्त मान हलवायचे.

चामडं कमावण्याच्या हौदांपाशीही तेच झालं. वास सहन होत नाही म्हणून मी प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी देतो. लोकांना ते फार आवडतं. कोपऱ्यावरून जुडी घेऊन मी जिना चढून गच्चीवर गेलो, तर चौघांच्याही नाकाशी पुदिना होता. ताजा, पाणी ठिबकणारा. आणि हाज्जा हसत होती. अंग गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"काय झालं?" मी सलवाला विचारलं.

"त्यांनी काहीतरी गंमत सांगितली." सलवा स्वतःही गोंधळली होती. "मीच खुणेनं विचारलं तिला, काय कळलं म्हणून. तर म्हणते, अक्षर न् अक्षर."

मी हाज्जाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "हाज्जा, मजा आली का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, कान पुढे केला, आणि मग कंटाळून मान हलवली. काही नाही ऐकू येत.

खाली येऊन अब्देलहकला गाठलं, गच्चीखालचं चामड्याचं दुकान त्याचं. माझी त्याची पंधरा वर्षांची ओळख. "माझ्या लोकांबरोबर कोण होतं रे वर?"

"कोण म्हणजे? कुणी नव्हतं," तो म्हणाला. "चौघं कठड्यापाशी उभे होते. हसत होते. मला वाटलं, तू मागून येतोयस. तुला गिऱ्हाईक चोरीला जायची भीती कधीपासून वाटायला लागली, तहामी?"

त्याचा टोमणा मला नको तिथे लागला. पण खरं सांगायचं, तर त्या वेळी मला भीती वाटली नव्हती, मत्सर वाटला होता. अंगावर घामोळं उठावं तसा तो उठला आणि मग खाजवल्यावाचून राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना क्षणभरही सोडलं नाही. पाणी आणायला पोऱ्या पाठवला. तरीही जेवताना ताटातली पेस्तिया, आमची मांस भरलेली खुसखुशीत रोटी, बघून युस्र म्हणाली, "पेस्तियेत मुरलेलं लिंबू घालतात ते चुकीचं, असं ते म्हणत होते." कधी म्हणत होते? तिनं खांदे उडवले. "तुम्ही बोलत होतात तेव्हा."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फेझ सोडलं. शहर मागे पडलं तसा माझा जीव हलका झाला. गाडीत आम्ही पाच जण, दारं बंद, काचा वर. मी नवीन गोष्टी काढल्या. कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या अशा, राखून ठेवलेल्या. देवदाराच्या जंगलात माकडं दाखवली, मिडेल्टच्या बाजारात युस्रला खिसाभर सफरचंदं घेऊन दिली. ती "थँक्यू" म्हणाली, अगदी मनापासून. आणि लगेच खिडकीबाहेर पाहायला लागली. माझ्याबद्दल त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच मला सहन होत नव्हतं. ते माझ्याशी चांगलं वागत होते, आणि वाट त्याची बघत होते.

एर्फूदच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मातीच्या ढिगांची रांग लागते. मुंग्यांची वारुळं मोठी करून ठेवावीत तशी. प्रत्येक ढिगाखाली विहीर, आणि सगळ्या विहिरी आतून बोगद्यानं जोडलेल्या. जुन्या काळी त्यातून गावाला पाणी यायचं. मी तिथे पाच मिनिटं गाडी थांबवतो, एवढीच माहिती देतो आणि निघतो. त्याहून जास्त तिथे मी कधीच बोलत नाही.

युस्र खाली उतरली, एका ढिगापाशी गेली आणि परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"तुमचे बाबा इथेच गेले ना?"

माझे वडील हे बोगदे साफ करायचं काम करत. मी सात वर्षांचा असताना छत बसलं. ही गोष्ट मी एकाही पर्यटकाला सांगितलेली नाही. माझ्या बायकोलाही फक्त इतकंच माहीत आहे की मी लहान असताना ते वारले.

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच. सकाळी नाश्त्याला. माती पडायला लागल्यावर तुमच्या बाबांनी खालून वर ओरडून काय सांगितलं, तेपण सांगितलं."

त्या दिवशी वर दोन माणसं होती. दोघांनीही माझ्या आईला सांगितलं होतं की काही ऐकू आलं नाही. आई मरेपर्यंत त्या दोघांना तेच विचारत राहिली होती.

"काय सांगितलं?" माझा आवाज मलाच परका वाटला.

युस्रनं आईकडे पाहिलं. सलवा माझ्या नजरेला नजर देईना. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं हो आम्हाला," ती म्हणाली.

"युस्र, काय म्हणाले माझे वडील?"

"मी सांगितलं तर चुकेल," ती पोर अगदी कळवळून म्हणाली. "त्यांनाच विचारा ना. ते नीट सांगतात."

मी गाडी सुरू केली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या वडिलांचे शेवटचे शब्द त्यानं परक्या माणसांना दिले, मला नाही दिले.

मेर्झूगाला पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. तंबू टेकड्यांच्या पायथ्याशी होते. मी उंटवाल्याशी बोलून परत आलो तर तंबूत कुणी नव्हतं. चहाचे पेले अर्धे भरलेले होते, अजून गरम होते. वाळूत पावलं उमटली होती: डॉक्टरांचे बूट, सलवाच्या सपाता, युस्रचे लहान पाय, आणि हाज्जाची काठी. तेवढीच. मी दोनदा पाहिलं. पाचवं पाऊल कुठेही नव्हतं.

हाज्जाला हॉटेलच्या चार पायऱ्या चढायला हात द्यावा लागायचा. तिच्या काठीच्या खुणा सरळ टेकडीच्या माथ्यापर्यंत गेल्या होत्या.

मान वर केली तेव्हा ते दिसले. माथ्यावर चौघं अर्धगोल करून बसले होते. समोर मोकळी जागा होती. सगळ्यांचे चेहरे त्या मोकळ्या जागेकडे. डॉक्टरांनी गुडघ्यांना हातांची मिठी घातली होती, लहान मुलं घालतात तशी. हाज्जा पुढे झुकली होती. मग चौघंही एकदम हसले. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, म्हणून आवाज आला नाही.

आणि वारा वाढत होता. त्या भागात मी इतक्या वेळा गेलोय की दक्षिणेचा रंग बदलला की मला कळतं. आकाशाच्या कडेला विटकरी पट्टा उठला होता. दहा मिनिटांत वाळू येणार होती. माझं काम एवढंच होतं: वर जायचं आणि त्यांना खाली आणायचं.

मी गेलो नाही.

मी तंबूच्या दारात बसलो. मनात म्हटलं, तो एवढा मोठा आहे ना, मग आणू दे त्याला खाली.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

वाळू आली. आधी माथा पुसट झाला, मग दिसेनासा झाला. तेव्हा मी धावलो. डोळ्यांवर फडकं बांधून, हातापायांवर, कसाबसा वर पोहोचलो. हाका मारल्या. तोंडात वाळू भरली.

माथ्यावर कुणी नव्हतं.

खुणाही नव्हत्या.

किती वेळ शोधलं, आठवत नाही. वारा पडल्यावर रडत खाली आलो.

चौघं तंबूत चहा पीत होते. केसांत वाळूचा कण नव्हता. हाज्जाचा पांढरा रुमाल नुकताच धुतल्यासारखा होता.

"अहो, किती माखलात!" डॉक्टर उठून उभे राहिले. "आम्हाला ते पलीकडच्या बाजूनं घेऊन आले."

सलवानं मला पाणी दिलं. मी पेला तोंडाला लावला तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुम्ही इथे बसला होतात ना?"

मी पेला खाली ठेवला.

"ते म्हणाले, त्याला जरा बसू द्या. उशिरा येईल, पण येईल." तिच्या आवाजात राग नव्हता. कीव होती.

परतीच्या दोन दिवसांत मी गोष्ट सांगितली नाही. कुणी सांगा म्हणालंही नाही. सहाव्या दिवशी सकाळी फेझच्या विमानतळावर डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. "तुम्हा दोघांचेही आभार," ते म्हणाले. युस्रनं माझ्याकडे बघून हात हलवला. शेवटी हाज्जा. मी तिच्या कानाशी वाकून ओरडलो, "सांभाळून जा, हाज्जा!" तिला ऐकू आलं नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. हसली, आणि मायेनं म्हणाली, "तू नको थांबूस रे आता. जा घरी. मुली वाट बघत असतील."

मागे वळून पाहिलं. सामानाच्या ढकलगाड्या, पोलीस, ऊन.

माझं घर सेफ्रूला आहे, विमानतळापासून जवळच. पण त्या दिवशी रस्त्यावर एक ट्रक आडवा झाला होता, दोन तास मोडले. पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून भाजलेल्या मिरचीचा वास येत होता. बतूल, माझी बायको, बैठकीच्या खोलीबाहेर पडद्याला टेकून उभी होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"हळू बोल. ते सांगतायत."

"कोण, बतूल?"

"तुझ्याबरोबर काम करतात ना, ते. तूच पाठवलंस म्हणाले." तिचे डोळे चमकत होते, लग्नानंतरची पहिली काही वर्षं चमकायचे तसे. "पोरी जागच्या हललेल्या नाहीत सकाळपासून."

उंबऱ्याशी मुलींच्या चपला होत्या. फक्त मुलींच्या.

पडद्यापलीकडून आवाज आला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. जाड नव्हता, बारीक नव्हता, काहीच खास नव्हतं त्यात. पण आत कुठेतरी थंड पाणी झिरपावं तसा तो आत उतरत गेला.

"सेफ्रू गावात," तो म्हणत होता, "तहामी नावाचा एक गाइड होता."

"मग?" माझ्या धाकट्या मुलीनं, हिबानं विचारलं. "मग त्याचं काय झालं?"

मी बूट काढले. आवाज न करता भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. बतूल माझ्या शेजारी बसली, पण तिची नजर पडद्यावरच होती.

पुढे काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.