खांब सरकला तेव्हा

"अहो, हा सदरा कुणाचा?"

"माझा..." समुद्रकाठच्या त्या छोट्या रुग्णालयातला तरुण परिचारक ओशाळून पुढे आला. "या खांबावर ऊन छान येतं हो."

"तुमच्या उन्हापायी आमचा खांब आंधळा झालाय!" तिनं अँटेनावरचा ओला सदरा काढून त्याच्या हातात ठेवला. ती त्सुनामी इशारा केंद्रातली अभियंता.

"हा खांब करतो तरी काय?"

"उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखतो. समुद्रात मोठा भूकंप झाला की किनारा सरकतो. किती सरकला, यावरून लाट केवढी येणार ते मिनिटांत कळतं."

त्यानंतर त्या खांबाची तपासणी जरा जास्तच वेळा होऊ लागली.

"इतका नाजूक आहे का हो तो?" तो मिस्कीलपणे विचारायचा.

"हो ना... दर आठवड्याला बघावं लागतं," ती हसू दाबत म्हणायची.

एका दुपारी केंद्राच्या खिडक्या खडखडल्या. भूकंपमापकांचा पहिला अंदाज मध्यम होता. साहेब लहान लाटेचा इशारा देणार, एवढ्यात तिची नजर पडद्यावर गेली— रुग्णालयाचा खांब दीड मीटर समुद्राकडे सरकला होता!

"साहेब, शेजारचे खांबही तेच सांगताहेत. लाट मोठी आहे!"

चौथ्या मिनिटाला मोठ्या लाटेचा इशारा गेला. मग तिनं परिचारकाला फोन लावला... लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती टेकडीवरच्या शाळेत धावली. वर्गात ओळीनं अकरा गाद्या, त्यांवर रुग्णालयातले रुग्ण. चिखलानं माखलेला तो एका आजीबाईंना चमच्यानं पाणी पाजत होता.

"सगळे...?"

"सगळे सुखरूप. भोंगा वाजला नि लगेच निघालो. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी पाठुंगळी. शेवटच्या आजोबांना वर आणलं आणि खाली पाणी शिरलं. पाच मिनिटं जरी उशीर झाला असता... तुमचे आभार कसे मानू?"

"मीच मानायला आलेय. आम्ही नुसते ओरडतो. ऐकून उठणारा माणूस हवा ना? काल सारखं एकच म्हणत होते— तो असू दे..."

"तो?" आजीबाई उशीवरूनच म्हणाल्या, "परवापर्यंत 'अहो'च होतं की गं!"

ती लाजेनं लाल झाली. त्यानं चमचा खाली ठेवला.

"आहे मी," तो हळूच म्हणाला, "आणि... तुझाच आहे."

त्याच्या चिखलानं माखलेल्या तळव्यांवर तिनं कपाळ टेकलं.