येऊ दे, येऊ दे, बस

दिवा जरा वर करा. आणि ज्याला टेकायचं असेल त्यानं आपापलं टेकावं, मी कुणाला सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच.

गॅरेजवाल्या भडक्याला त्या दुपारी लेकीला आणायला जायचं होतं, एवढंच काम. लेक डोंगरावरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, जावई परगावी नोकरीला, आणि नर्सबाईनं निरोप धाडला होता की आज खाट रिकामी करा. भडक्याच्या जीपची क्लचप्लेट नेमकी आदल्या दिवशी गेली. गॅरेजात चालती गाडी एकच, वकिलांची. बुटकी, लाल, दोन दारांची, पळायला वारा. पुढं दोघं ऐसपैस, मागं नावापुरती सीट. तिथं शिरायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरून जायचं, आणि उतरायचं तर पुढच्यानं उठून वाट द्यायची.

भडक्यानं वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, खुशाल न्या. फक्त मागं घेताना स्वतः उतरून बघा, मागं कुणाला उभं करू नका. भडक्यानं हो हो केलं आणि फोन ठेवून एक शिवी हासडली. वकील तसलेच होते. गाडी मागं घ्यायची तर दहादा उतरायचे, वाकून बघायचे, परत बसायचे. भडक्याच्या शेजारी एक शिंपी राहायचा. गल्लीत आलेल्या प्रत्येक गाडीमागं उभं राहून हात हलवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्याच्या अंगावरही वकील एकदा धावून गेले होते.

पण गाडीचं मागचं खरंच अवघड होतं. मागची काच फाटक्या खिशाएवढी, तीही उताणी. दारामागचे खांब इतके जाड की आड म्हैस लपावी. भडक्यानं बाजूचे आरसे बाहेर वळवले, आपल्याच गाडीचं अंग दिसेनासं होईपर्यंत. त्यानं बाजूचा रस्ता तरी मोकळा झाला. वकिलांनी डॅशबोर्डवर आणखी एक छोटा गोल आरसा चिकटवला होता. त्यात मात्र रस्ता दिसतच नव्हता. दिसत होती मागची रिकामी सीट.

"एवढा शिकला आणि आरसा लावायची अक्कल नाही," भडक्या म्हणाला.

"जाऊ दे हो," शेजारच्या सीटवरून बायको म्हणाली.

हा तिचा रोजचा शब्द. भडक्याच्या तोंडून तो कधी कुणी ऐकला नव्हता. एका पान्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेला माणूस तो.

अर्धा डोंगर चढले आणि धुकं उतरलं. उतरलं म्हणजे कसं, काचेवर कुणी ओला कापूस दाबून धरावा तसं. एका वळणावर वरून लाकडाचा ट्रक आला. रस्ता एकाच गाडीचा, डावीकडं दरी. ट्रकवाला काही मागं जाणार नव्हता. भडक्यानं आधी त्याच्या सात पिढ्या काढल्या, मग रिव्हर्स टाकला. मागच्या काचेत नुसतं पांढरं. उतरून बघायचं तर बघून परत बसेपर्यंत ट्रक नाकावर येणार. बायकोच उतरली आणि मागं गेली.

तिचा आवाज धुक्यातून यायला लागला. "येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे…" भडक्या त्या आवाजावर गाडी सोडत गेला.

"बस."

त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि थांबल्यावर तिचा मागचा भाग हळूच खाली गेला, वजनदार माणूस टेकावा तसा. स्प्रिंग कुरकुरली. आत वास आला, पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या पोत्याचा.

ट्रक गेला. बायको येऊन पुढं बसली. तिला वाटलं भडक्यानं मागं काही सामान टाकलं. भडक्याला वाटलं स्प्रिंग तुटली. तो खाली झोपून बघून आला, स्प्रिंग शाबूत. मग बायकोनं नुसतं बोट केलं, गोल आरशाकडं. मागच्या सीटवर खड्डा पडला होता. वळण आलं की खड्डा एका अंगाला सरके, ब्रेक लागला की पुढं येई.

घाबरायच्या आधी भडक्याला नवल वाटलं. त्याची जातच मशीन उघडून बघणाऱ्याची. त्यानं मुद्दाम दोनतीनदा ब्रेक मारले. खड्डा बरोबर पुढं यायचा, मागं जायचा.

"अहो, नका ना," बायको हळूच म्हणाली, "राग येईल… त्याला."

दवाखान्यापाशी पोचल्यावर त्यानं सीट वाकवून आत हात घातला. गादी गार होती आणि दाबलेली ती दाबलेलीच. याच सीटवर आता लेकीला बसवायचं होतं, तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन. भडक्याचं डोकं फिरलं. उतर म्हणाला, मुकाट्यानं उतर म्हणाला, पाना घेऊन गादीला ढोसलं. काही हललं नाही. मग वकिलांना फोन लावला, शिव्या तयार ठेवूनच.

वकिलांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागं कोण उभं होतं? आणि काय म्हणाल्या त्या?"

भडक्यानं सांगितलं.

"मग झालं तर. येऊ दे म्हणालात, आलं. बस म्हणालात, बसलं."

"उठवायचं कसं?"

"मला नाही जमलं कधी. मनात येईल तेव्हा उतरतं. आहे की गेलं ते कळावं म्हणून तर आरसा लावलाय."

भडक्यानं फोन खिशात कोंबला. बायको मात्र विचारात पडली होती. तिनं गाडीत वाकून बघितलं, म्हणाली, "ऊठ बाबा. जाऊ दे." खड्डा तसाच. मग ती नवऱ्याकडं वळली. "माझं नाही ऐकायचं. मी नुसती हाक मारली. गाडी मागं नेऊन त्याच्या दारात उभी केली ती तुम्ही. तुम्हीच म्हणा."

त्यानं ओरडून म्हटलं. काही नाही. दवाखान्याच्या दारात लेक बाळाला घेऊन आली होती, गारठ्यात उभी होती. भडक्यानं तिच्याकडं बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवून आत वाकला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

"ऊठ… जाऊ दे."

स्प्रिंग कुरकुरली. गाडी मागून वर आली आणि त्याच्या मानेशी ओला वारा लागून गेला.

लेकीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. ती मागं बसली, बाळ मांडीवर झोपलं. भडक्या कधी नव्हे ते सावकाश डोंगर उतरला, नजर अर्धी रस्त्यावर आणि अर्धी गोल आरशात. आरशात लेक, बाळ, शेजारची सपाट गादी. दिवेलागणीला गल्ली आली. दारासमोर गाडी लावायची तर मागंच घ्यावी लागायची. आता उतरून बघू, असं म्हणून त्यानं रिव्हर्स टाकला आणि दाराची कडी ओढली, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

शिंपी. दोन्ही हात हलवत. "येऊ दे… येऊ दे… बिनधास्त येऊ दे…"

भडक्याच्या डोक्यात तिडीक उठली. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आत त्याला गप्प करायचं होतं. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला,

"बस! अरे, बस म्हणतो ना!"

शिंपी गप्प झाला. बायकोनं डोळे मिटले. गाडीचा मागचा भाग सावकाश खाली गेला.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "इथं… एकदम ओलसर वास कसला?"

भडक्या वळला. जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, ऊठ, जाऊ दे. पुन्हा म्हणाला. हात जोडून म्हणाला. मग एकदाची स्प्रिंग कुरकुरली, गादी सपाट झाली. बायकोनं लेकीला ओढूनच बाहेर काढलं आणि घरात नेलं.

रात्री सगळं निवांत होतं. बाळ दिव्याखाली झोपलं होतं, एक मूठ आवळून. पण मूठ पुरती मिटत नव्हती. मध्ये बोटाएवढी जागा होती, जसं कुणाचं बोट धरून झोपावं. बायकोनं त्या जागेत आपली करंगळी घालून बघितली. गेली नाही, आत आधीच काहीतरी गार होतं.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. भडक्यानं जाऊ दे म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुणी कुणाला धरलंय ते दिसत नव्हतं… आणि जाऊ दे म्हटलं, तर दोघांतलं कोण कुणाला घेऊन जाईल, ते कुणी सांगावं?