दातांतला दोर

मालवणच्या सागरध्वनी प्रयोगशाळेत सकाळपासून एकच आवाज चालला होता, बंदरातल्या जुन्या प्रवासी लाँचच्या इंजिनाचा. लाँच कधीच भंगारात गेली होती. इंजिन वाजत होतं ते मासळीबाजारातून आणलेल्या एका गोबरा माशाच्या कानातून.

"ओळखलंस?" डॉ. निरंजन देवस्थळीने विचारलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेला हा पुणेकर भौतिकशास्त्रज्ञ गेली तीन वर्षं माशांच्या डोक्यांत हात घालून बसला होता, आणि आता त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"न ओळखायला काय झालं? शाळेला त्याच लाँचने जायचे मी," डॉ. केतकी मेथर म्हणाली. ती सागरी जीवशास्त्रज्ञ होती. मासे तिचे, यंत्र त्याचं, अशी दोघांची भागीदारी होती. "पण हे सगळं उतरतं कसं, ते मला पुन्हा एकदा सांग. नीट सांग."

निरंजनने चिमट्यात धरलेला कर्णखडा उजेडात आणला. वालाच्या दाण्याएवढा, पांढुरका. "माशाच्या कानात हा असतो. झाडाच्या खोडासारखा वाढतो, फक्त वर्षाला नाही, रोज एक थर. आवाज आला की खडा थरथरतो आणि त्या दिवशीचा चुना किंचित वेडावाकडा बसतो. एकदाच आलेला आवाज टिकत नाही. तोच तो आवाज पुन्हा पुन्हा आला, तरच त्याची खूण राहते. विहिरीच्या काठावर दोराच्या घळी पडतात ना, तसं. माझा थरवाचक त्या घळी वाचतो."

"आणि गोबरा जन्मभर एकाच खडपाला, पाण्याखालच्या खडकाला, धरून राहतो," केतकी जणू स्वतःशीच म्हणाली. "माणसाचा आवाज राहील?"

"पाण्यावर बोललेला खाली पोचत नाही."

"बोललेला नाही. दोरातून गेलेला."

निरंजनने खडा खाली ठेवला. बोलणं आता विज्ञानाचं राहिलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं.

केतकीचे वडील, विष्णू मेथर, खोल पाण्यात गरीने मासे पकडायचे. साठ वाव, म्हणजे तीनशेसाठ फूट, खाली एक खडप होतं. विष्णू सदान्‌कदा तिथेच, म्हणून केतकीची आई त्याला 'सवतीचं खडप' म्हणायची. साठ वावांवर मासा गरीला तोंड लावतो तेव्हा मिठाने राठ झालेल्या बोटांना काही कळत नाही. विष्णू दोर दातांत धरायचा. दातांना सगळं कळतं. आणि दात मिटलेले असले की करायचं काय, म्हणून तो गुणगुणायचा. चाल एकच, केतकीला झोपवताना गुणगुणायचा तीच.

ती पाच वर्षांची असताना वादळात होडी उलटली. भागीदार बाबल तांडेल पोहून आला, विष्णू आला नाही. त्याचं प्रेतही सापडलं नाही. त्याचा आवाज कुणी टेप करून ठेवला नव्हता, आणि लग्नाच्या व्हिडिओत तो अख्खा वेळ तोंड मिटून उभा होता. केतकीला वडिलांचा आवाज आठवत नव्हता, चालही आठवत नव्हती. आठवायची ती फक्त चालीच्या मध्यावरची थांबायची जागा. बाबा तिथे श्वास घ्यायचे आणि ती हटकून डोळे उघडायची. तीस वर्षं तिच्यापाशी वडील म्हणून तेवढीच रिकामी जागा होती.

मागच्या महिन्यात पाण्याखालच्या कॅमेऱ्याने सवतीच्या खडपावरचा एक म्हातारा, दांडगा गोबरा टिपला होता. त्याच्या जबड्यात एक गरी रुतलेली होती. जाड, न गंजणाऱ्या पोलादी तारेची, हाताने वाकवलेली, टोकाला उलटा पीळ दिलेली. असा पीळ एकटा विष्णू द्यायचा.

"खडा काढायचा म्हणजे मासा मारायचा," निरंजन म्हणाला. "इतका जुना मासा त्या खडपावर दुसरा नाही, हे तूच अहवालात लिहिलं आहेस. आपण थांबू शकतो. कधीतरी तो मरेलच."

"मेला की खेकडे खातील आणि खडा चिखलात जाईल. मग कुठे शोधू?" तिचा आवाज चढला. "मला एकदा ऐकायचं आहे, निरंजन. बाकी मला काही नको."



बाबल आता सत्तरीला टेकला होता. केतकीने बेत सांगितला तेव्हा त्याने विणायला घेतलेलं नारळाचं झाप खाली ठेवलं.

"तो मेवणो आसा तुज्या बापाशीचो," तो म्हणाला. "इष्णू म्हणी, सवतीच्या घरात रवता म्हणजे सवतीचो भाव, माजो मेवणो. तीनदा दोर तोडून गेलो, तरी इष्णू हसतच रवलो. त्येका मारतलंस गो?"

"काका, माका बाबांचो आवाज व्हयो."

"चल. होडी मी हाकतंय. पण गरी मी टाकूचंय नाय."

समुद्र निवळशंख होता. केतकीने गरी लावून शिशाचं वजन सोडलं, दोर सरसरत गेला आणि तळाला टेकून ताठ झाला. तिने तो वडिलांसारखा दातांत धरला. पुष्कळ वेळ नुसती पाण्याची ओढ लागत होती. मग दाढांना बारीक थरथर जाणवली. चढत गेली, उतरली, पुन्हा चढली. मासा जवळ घुटमळतोय, असं तिने ताडलं. आणि लगेच हिसका बसला.

मेव्हणा फारसा झगडला नाही. तीनदा दोर तोडणारा हा मासा जवळजवळ आपणहून वर आला. इतक्या खोलातून वर काढलेला मासा आतल्या हवेने फुगतो, तसा तो फुगून पाण्यावर आडवा झाला. बाबलने तोंड फिरवलं आणि हात जोडले.

खड्याचे थर वाचायला आठवडा लागला. निरंजनने शेवटी कळ दाबली.

आधी खरखर झाली, मग दातांआडून आलेलं, बसकं, किंचित बेसूर गुणगुणणं. चाल वर गेली, खाली आली आणि मध्येच थांबली. एक श्वास. केतकीचे डोळे आपोआप उघडले, तेव्हा कुठे तिला कळलं की ते मिटले होते. मग ती रडली, मोकळेपणाने, निरंजनसमोर. वडील तिला भेटले होते.

"केतकी," निरंजन थोड्या वेळाने म्हणाला. तो पडद्याकडे बघत होता. "वादळ कुठल्या थराला येतं, ते मी मोजलंय. तिथून पुढे काही महिने काही नाही. मग आवाज परत येतो. तीच चाल. थेट आपण मासा पकडला त्या आठवड्यापर्यंत."

प्रेत सापडलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या बंदरात, दुसऱ्या नावाने राहून तो माणूस होडी घेऊन त्या खडपावर येत राहिला असेल का? तीस वर्षांची आशा क्षणात उठून उभी राहिली.

"लाव," ती म्हणाली.

चाल तीच होती. वर गेली, खाली आली, मध्य आला. आणि गेला. केतकी डोळे मिटून त्या जागेची वाट बघत होती, ती जागा आलीच नाही.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली. "श्वास कुठे आहे?"

निरंजनने आकडे पुन्हा तपासले. "आणखी एक आहे. आधीचा आवाज दगडातून, लांबून आलेला आहे. हा फार जवळून येतो. इतक्या जवळून की..." तो अडखळला.

"गोबरे पोटातल्या हवेच्या पिशवीने घुमतात," केतकी शांतपणे म्हणाली. हे ती दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होती. "त्यांना त्यासाठी श्वास लागत नाही."

वरून येणारं गुणगुणणं थांबलं, तेव्हा खालच्या मेव्हण्याने ते सुरू केलं होतं. तीस वर्षं तो साद घालत राहिला. मग एके दिवशी दातांत धरलेला दोर पुन्हा खडपावर टेकला. तिच्या दाढांना लागलेली ती चढती-उतरती थरथर आठवली, ती चालच होती, आणि केतकीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो का झगडला नाही, हे आता तिला कळत होतं.

पुढच्या रविवारी बाबलने काही न विचारता होडी काढली. सवतीच्या खडपावर येताच त्याने इंजिन बंद केलं. केतकीने गरी न लावता नुसतं शिसं सोडलं. दोर ताठ झाल्यावर तिने तो दातांत धरला आणि गुणगुणू लागली. चाल आता तिला पाठ होती. बाबलने मान खाली घातली. मध्यावर येऊन ती थांबली, श्वास घेतला आणि तेवढ्या जागेत दातांवर लक्ष ठेवून राहिली.

दोराला पाण्याची ओढ लागत होती. खाली खडप होतं आणि खडपावर कोणी नव्हतं.