छत्रीची परवानगी

बेंगळुरूत प्रेमात पडायला माणसाला भरपूर वेळ मिळतो, कारण ट्रॅफिक हलत नसतं. त्या सकाळी मात्र ट्रॅफिकची अडचण नव्हती. रस्ताच नव्हता.

रात्रभर कोसळून पाऊस आता नुसता भुरभुरत होता. मारतहळ्ळीच्या पुढे बिल्डरांनी कधीतरी बुजवलेलं तळं आपली जुनी जागा बघायला परत आलं होतं. व्हाइटफील्डला निघालेली संगणकवाली मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर साडेनऊची मीटिंग.

वल्लरी एका हातानं पिवळी छत्री आणि दुसऱ्या हातानं फोन सांभाळत होती.

"हो आई, ट्रॅक्टरनंच चाललेय... नाही गं, शेतात नाही, ऑफिसला!"

पुण्याहून येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. फोन ठेवून तिनं पाहिलं, तर ट्रॉलीच्या कडेला एक मुलगा कॅमेरा घेऊन ओणवा झाला होता. दाढीतून पाणी ठिबकत होतं, आणि कॅमेऱ्यावर मात्र दुधाच्या पिशवीचा रेनकोट. आपण मध्ये येतोय की काय, असं वाटून तिनं विचारलं, "इथे उभी राहिले तर चालेल ना?"

त्यानं कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हटलं, "सरी री."

वल्लरी पाठ वळवून एक पाऊल सरकली. सरकताना छत्री कलली, आणि शेजारी बसलेल्या फुलवाल्या अक्काच्या शेवंतीच्या टोपलीवर आली. शेवंती कोरडी राहिली. वल्लरी भिजली.

क्लिक.

"माझा फोटो काढलात?" तिनं दरडावून विचारलं.

"तुमचा कुठं? छत्रीचा की."

"मग छत्रीची परवानगी घेतलीत?"

त्यानं पहिल्यांदा कॅमेऱ्यातून डोळा बाहेर काढला. बघितलं... आणि जरा जास्तच वेळ बघितलं.

"छत्री काही बोलली नाही बघा," तो म्हणाला. "छत्रीवालीच बोलाय लागली."

हा परसू. खानापूरचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि रागावला की दोन्ही. बेंगळुरूत तो बातम्यांचे फोटो काढायला आला होता. पोटासाठी मात्र विकाऊ फ्लॅटचे काढायचा. रिकाम्या स्वयंपाकघरात काचेच्या वाडग्यात लिंबं मांडायची, पडदा अर्धा सरकवायचा, आणि इथे एक सुखी कुटुंब राहतं असा भास निर्माण करायचा. लिंबं प्रत्येक फ्लॅटमध्ये तीच असत.

"म्हणजे रोज खोटं बोलतोस," पुढे कधीतरी वल्लरी म्हणाली. तोवर दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, आणि एकाच फिल्टर कॉफीत दोन पेले करण्याइतके धीट झाले होते.

"लिंबं खरी असतात," तो म्हणाला. "आणि तू काय करतेस ते सांग की एकदा."

"मी खोटं पकडते."

ते खरंच होतं. वर्तमानपत्रांकडे येणारे फोटो अस्सल आहेत की कुणी रचलेत, हे एका संस्थेसाठी शोधायचं तिचं काम. सावली उलटी पडलीये का, ढग उसने आणलेत का, रडणाऱ्या माणसाला 'पुन्हा एकदा रडा' असं कुणी सांगितलंय का. हीच संस्था दरवर्षी वृत्तछायाचित्रांची स्पर्धाही घ्यायची, आणि तिथली तपासणीही वल्लरीकडे होती. हे तिनं परसूला सांगितलं नव्हतं. परीक्षक मंडळानं गुप्तता पाळायची, असा नियम होता. परसूनंही स्पर्धेत फोटो पाठवल्याचं तिला सांगितलं नव्हतं. स्पर्धकानं गाजावाजा करायचा नाही, असाही नियम होता. प्रेमातले बरेचसे घोटाळे दोन्ही बाजूंनी नियम पाळल्यामुळे होतात.

"तो छत्रीचा फोटो दाखव ना," ती अधूनमधून म्हणायची.

"मुरू दे. लोणचं आणि फोटो घाईनं उघडू नये."

फक्त एकदा, बोलता बोलता, तो म्हणाला होता, की एका मासिकात वर्षभराचं काम मिळायची शक्यता आहे... मिळालं तर लिंबं सुटतील. "नाही मिळालं तर दादा खानापूरला बोलावतोय. स्टुडिओ हाय त्याचा. लग्नं, मुंजी."

"मग?"

"मग काय. तू येशील की कधीतरी, मुंजीला."

दोघंही हसले. वल्लरीचं हसू आधी संपलं.

शेवटच्या फेरीचा निकाल एचएसआर लेआउटमधल्या एका हॉलमध्ये लागायचा होता. पहिलं बक्षीस म्हणजे एका मासिकात वर्षभराचं काम. फोटोंवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. परीक्षकांचे अध्यक्ष मधुकर अण्णा. तीन पिढ्या बसवनगुडीत काढलेल्या मराठी घरातले, जन्मभर प्रेस फोटोग्राफर, आणि नियमांच्या बाबतीत सोवळ्यातले. फोटो काढणाऱ्याचा हस्तक्षेप सिद्ध झाला, की फोटो बाद. गेल्या वर्षी कुत्र्याला बिस्किट दाखवून मान वर करवली, म्हणून त्यांनी एक सुंदर फोटो बाद केला होता. कुत्र्याचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

पडद्यावर पुढचा फोटो आला.

पाणी, पाण्यात उलटे पडलेले काचेचे टॉवर, ट्रॉलीभर ओळखपत्रं. आणि मधोमध पाठमोरी, भिजत उभी असलेली एक मुलगी. तिची पिवळी छत्री फुलांच्या टोपलीवर.

हॉलमध्ये कुणीतरी "अय्यो..." म्हटलं, ते कौतुकाचं होतं.

"हेच," मधुकर अण्णा म्हणाले. "सगळे भिजतायत, आणि ही पोर फुलं वाचवत्येय. कुणी सांगून असं होत नाही. वल्लरी, तुला यात काही खोट दिसते? नाही ना? मग सरी, हाच पहिला."

वल्लरीचा चेहरा फोटोत नव्हता. तिनं मान डोलावली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. लिंबं सुटली असती. मुंजी टळल्या असत्या. मासिक काही खानापुरात नव्हतं...

"अण्णा," ती म्हणाली, "ही मी आहे."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आणि मी फुलं वाचवत नव्हते. मला सरकायला सांगितलं गेलं, म्हणून सरकले."

"कुणी सांगितलं?"

"ज्यानं फोटो काढला त्यानं. आणि... मी ओळखते त्याला."

"किती?"

"स्वल्प."

परीक्षकांपैकी भाग्यलक्ष्मी मॅडम धारवाडच्या. त्यांनी चष्मा खाली घेतला. "आमच्याकडे स्वल्प म्हणजे थोडं. मुलीचे कान असे लाल झाले, की स्वल्प म्हणजे भरपूर." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "शब्द काय वापरला त्यानं?"

"सरी री."

मॅडम हसूच लागल्या. "अगं, 'सरि री' म्हणजे 'बरं, चालेल हो'!"

वल्लरीच्या मराठी कानांनी त्यात 'सरा' ऐकलं होतं.

"पण थांबा," मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे 'सरका हो'लाही 'सरीरी'च म्हणतात. मध्ये श्वास घेतला तर चालेल, नाही घेतला तर सरका."

मग चार सुशिक्षित परीक्षकांनी एकमेकांना 'सरी री' म्हणून पाहिलं. अर्धे सरकले.

"पुरे," मधुकर अण्णा म्हणाले. "त्यालाच फोन लावू. वल्लरी, तू बाहेर बस. त्याला आधी काही कळवायचं नाही. आणि या फोटोवर तुझं मत धरलं जाणार नाही."

वल्लरी बाहेर जिन्यात बसली. फोन हातात होता. 'श्वास घेतला होतास असं सांग' — एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो. तिनं फोन पर्समध्ये टाकला, पर्स मांडीवर ठेवली, आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले, जणू आत मांजर होतं.

संध्याकाळी अगरा तळ्याकाठच्या बाकावर परसू आधीच येऊन बसला होता. वल्लरी दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये कॅमेऱ्याची पिशवी. भुरभुर सुरू झाली होती, पण छत्री कुणी उघडली नाही.

"फोटो बाद झाला," तो म्हणाला.

"का? तू काय सांगितलंस?"

"खरं ते. मी 'चालेल' म्हणालो होतो." तो तळ्याकडे बघत राहिला. "पण तू सरकलीस ना. चूक कळली मला तेव्हाच. 'थांबा, सरकू नका' असं म्हणाय पाहिजे होतं. नाही म्हणालो. छत्री अशी कलली, आणि... बोट दाबलं. माझ्याच शब्दानं झालेला फोटो तो. लिंबांचा काय, छत्रीचा काय."

"तक्रार मी केली, परसू."

"ठाऊक हाय. ट्रॅक्टरच्या त्या आवाजात माझं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं असणार?"

"रागावलास?"

 त्यानं एका पाणकोंबडीला या कडेहून त्या कडेपर्यंत नजरेनं पोचवलं.

"दुपारी रागावलो होतो," शेवटी तो म्हणाला. "दोन्ही भाषांत. मग म्हटलं, ही गप्प बसली असती, तर मी जिंकलो असतो. आणि जन्मभर मला वाटत राहिलं असतं — फोटो चांगला होता, की छत्री ओळखीची होती?"

वल्लरीला काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, "खानापूरला जाणारेस?"

"दादा वाट बघतोय."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला..." त्यानं दाढीतलं पाणी पुसलं. "इथं फ्लॅट काय संपत नाहीत. लिंबं पण हायत. पण नुसत्या लिंबांसाठी माणूस किती दिवस राहील?"

वल्लरीनं एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आवाज तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

"मी... इथे बसले तर चालेल? तुझ्याजवळ. म्हणजे, कायमची?"

परसूनं तिच्याकडे पाहिलं. मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. दीर्घ श्वास घेतला. इतका स्पष्ट, की धारवाडपर्यंत ऐकू जावा.

"सरी... री," तो म्हणाला.

पण ती आधीच सरकली होती. हस्तक्षेप सिद्ध होत नव्हता.