ब्रेमेनची पाहुणी

"जोडीजोडीने भिंतीला टेकून उभे राहा," क्रोलसाहेब म्हणाले, आणि रिकार्डा नेहमीसारखी बाजूला सरकली.

बर्लिनमधलं, युद्धाच्या काळातलं तळघर ते. वरून बॉम्ब पडायचे तेव्हा लोक इथे दाटीवाटीने बसून राहायचे. वीज गेली तरी एकमेकांची तोंडं दिसावीत म्हणून भिंतींना अंधारात चमकणारा रंग दिलेला. आता क्रोलसाहेब पाहुण्यांना तो दाखवायचे. दिवा घालवून फ्लॅश मारला, की माणूस बाजूला झाला तरी त्याची काळी सावली भिंतीवर बराच वेळ राहायची.

"तुमच्याबरोबर कुणी नाही?" शेजारून आवाज आला. "माझ्याबरोबरही नाही. आपण उभे राहू या का?"

उंच, लालसर दाढीचा, लोकरीची टोपी हातात चुरगाळणारा एकजण. तिने मान हलवली. फ्लॅश पडला, दोघं बाजूला झाली, आणि हिरवट उजेडात त्यांच्या सावल्या दिसल्या... हातात हात घातलेल्या. खरं तर बोटाला बोटही लागलं नव्हतं.

"आपल्यापेक्षा यांची प्रगती बरी आहे," तो हळूच म्हणाला.

रिकार्डाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

"कुठून आलात तुम्ही?"

घोळ झाला तो इथे. बाई राहत होती त्या तळघरापासून दोनच गल्ल्या पलीकडे! आई गेल्यापासून रविवार तिला खायला उठायचा. म्हणून दर रविवारी तिकीट काढून ती परक्या लोकांबरोबर खाली उतरायची. वर येताना, कुणी मागे राहिलं नाही ना म्हणून, क्रोलसाहेब माणसं मोजायचे. आठवड्यातून एकदा आपल्यालाही कुणीतरी मोजतं — एवढ्यासाठी यायची ती. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"ब्रेमेनहून," ती म्हणाली.

क्रोलसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पण भला माणूस, त्यांनी तिचं बिंग फोडलं नाही.

त्याचं नाव हाउके. हुसुमला समुद्रकाठी होड्या दुरुस्त करायचा. भावाच्या लग्नाला आला होता, संध्याकाळी परत निघणार होता. "म्हणजे दोघंही पाहुणेच," तो खुशीत म्हणाला. "चला, बरोबरच हिंडू."

झालं. जन्म काढलेल्या शहरात रिकार्डा हातात नकाशा घेऊन हिंडली. बेर्नाउअर रस्त्यावर बर्लिन भिंतीच्या ज्या उरलेल्या तुकड्याजवळून ती रोज कामाला जायची, त्याच्यासमोर तिने आ वासून दाखवला. तेवढ्यात एक सायकलवाला अंगावर आला.

"डोळे घरी विसरून आलास का रे?" ती खेकसली.

"ब्रेमेनची माणसं अगदी बर्लिनकरांसारखी खेकसतात हो," हाउके म्हणाला.

"लवकर शिकते मी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. रिकार्डाचे कान तापले. खोटं बोलल्यामुळे, की त्याच्या बघण्यामुळे, ते तिलाही नीट कळलं नाही.

फ्रीडरिखस्ट्रासे स्टेशनाजवळच्या जुन्या निरोपाच्या दालनात मात्र दोघंही हळू चालायला लागली. शहराचे दोन तुकडे होते तेव्हा पश्चिमेकडून भेटायला आलेले इथूनच परत जायचे, आणि पूर्वेकडचे दाराशी थांबायचे.

"मला नसतं जमलं," हाउके म्हणाला. "असं दारात उभं राहणं."

"मला जमलं असतं. सवय आहे..." ती बोलून गेली, आणि घाईने नकाशाची घडी घालायला लागली.

संध्याकाळी मोठ्या स्टेशनवर त्याने गाड्यांचा फलक पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. "हांबुर्गपर्यंत आपली एकच गाडी! तुमची बॅग कुठे आहे?"

"लॉकरमध्ये."

गाडी फलाटाला लागली. आता सोपं होतं सगळं. बॅग आणते, तुम्ही चढा, असं म्हणायचं आणि गर्दीत नाहीसं व्हायचं. ब्रेमेनची कुणी हसरी मुलगी भेटली होती म्हणून तो आठवण ठेवेल, आणि आपण रात्री एकटीपुरतं सूप गरम करू. तिने तोंड उघडलं —

"बॅग नाहीये," ती म्हणाली. "मी ब्रेमेनची नाही, हाउके. इथलीच आहे. जन्मापासून."

तो गाडीच्या पायरीवर चढलेला होता. "मग खोटं का सांगितलंत?"

"इथली असून रविवारी एकटीच तळघरात काय करते, असं विचारलं असतंत ना."

"आणि आता विचारलं तर?"

"घरी कुणी नसतं." तिने हातातला नकाशा चुरगाळला. "कुणीच नसतं. म्हणून जाते."

दारांचा इशारा वाजायला लागला. रिकार्डाने मान खाली घातली. दारं बंद झाली, गाडी हलली, आणि तिला समोर चिखलाचे डाग पडलेले मोठे बूट दिसले. फलाटावर.

"दिवसभर मला भिंत दाखवलीत, निरोपाचं दालन दाखवलंत," तो म्हणाला. "आता तुम्ही पाव कुठून आणता ते दाखवा."

"दुकान बंद असेल आता."

"मग बंद दुकान दाखवा."