तबकावरची काजळी

भिंतीवरच्या संतांना ताई नावाने ओळखत नसे. हातातल्या वस्तूवरून ओळखायची, आणि चित्रकारालाही तेच हवं होतं असं तिचं म्हणणं. अगदी सुरुवातीच्या काळातले ते ख्रिस्ती लोक. ज्याने त्यांचा छळ झाला, तेच त्यांच्या हातात देऊन उभं केलेलं. कुणाकडे काटेरी चाक, कुणाकडे माणूस भाजायची लोखंडी जाळी. एकाने तर स्वतःचीच सोललेली कातडी शालीसारखी हातावर टाकलेली.

"आधी मारायचं, मग हत्यारासकट भिंतीवर चढवायचं, आणि खाली मेणबत्त्या विकायच्या," ताई म्हणायची. चर्चमध्येच म्हणायची, आवाज न उतरवता.

जुनी चित्रं साफ करणं हा दोघी बहिणींचा धंदा. ताई कापसाच्या बोळ्याने काजळी उतरवायची, धाकटी रंग उडालेल्या जागा भरायची. सगळं काम धाकटीच्या डोळ्यांवर चालायचं. दहा लाल पुढे ठेवले, तर भिंतीवरचा नेमका कोणता, हे ती चहा पिता पिता सांगायची.

रांगेत शेवटी एक बाई होती. पापण्या मिटलेल्या, हातात तबक, आणि तबकावर काजळीचा काळा चौकोन.

या धंद्यात एक रीत आहे. भिंत साफ झाली की आधी किती मळ होता ते दिसावं म्हणून जुन्या मळाचा छोटा चौकोन मुद्दाम तसाच ठेवतात. त्याला साक्ष म्हणतात. ती ठेवायची पायाशी, झग्याच्या कोपऱ्यात. आणि दुसऱ्याने ठेवलेली साक्ष पुसायची नाही. इथे मात्र आधीच्या कुणीतरी ती ऐन तबकावर ठेवली होती.

"ती डोळेवाली," चर्चच्या चाव्या सांभाळणारे काका बांबूंच्या परांचीखालून म्हणाले. "एकाला हिचे डोळे फार आवडले. पाठ सोडेना. मग हिने काढले आणि तबकात घालून पाठवून दिले."

"त्याचे काढायचे होते."

"देवाने नंतर नवे दिले हो तिला."

"कुणाचे?"

काकांनी चाव्या या हातातून त्या हातात घेतल्या. "असं कुणी विचारत नाही, बाई."

ताईने विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं नव्हतं. तिला एवढं पुरे होतं. चित्राचा अर्थ जिथे आहे तिथेच घाण ठेवायची, ही कसली रीत? तिने बोळा भिजवला आणि साक्ष पुसून टाकली.

तबक रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने जाळीवाल्याच्या लाल झग्यातली भेग करड्या रंगाने भरली. "डोकं ठिकाणावर आहे का?" ताई ओरडली. धाकटी झग्याकडे बघत राहिली. "लालच आहे की गं," ती म्हणाली. मग हळूच, "नाहीये का?"

संध्याकाळी तबकाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ होती. ताईने भिंग लावलं. बोळा फिरवला, कापूस स्वच्छ निघाला. जुन्या रंगाला पडलेले बारीक तडे त्या रेघेतूनही सलग गेले होते. म्हणजे रेघ पहिल्यापासूनचीच. ताईने तसं ठरवून टाकलं आणि जेवायला गेली.

मग धाकटीचा हिरवा गेला. मग निळा. डॉक्टरांनी डोळे तपासले, मशीनवर पुन्हा तपासले, दोष सापडेना. इकडे तबकात रंग येत होते आणि दोन ठिकाणी गोलावत होते. धाकटीला भिंतीचा आधार घेऊन चालायची वेळ आली, तेव्हा ताईने तिला घरी आईकडे ठेवलं आणि एकटीच परांचीवर चढली. चूक तिची होती, ती निस्तरणारही तीच होती. भर दुपारी, खिडक्यांतून लख्ख ऊन येत असताना, तिने वाटीत काजळी कालवली. तबक पुन्हा झाकायचं, विषय संपवायचा.

तबकातून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. चांगले काढले होते.

फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला.

"ताई, ब्रश खाली ठेव."

"तुला कुणी सांगितलं माझ्या हातात ब्रश आहे?"

"दिसतोय ना. ओठ किती सुकलेत तुझे. सकाळपासून पाणी प्यायली नाहीस."

"तू कुठे आहेस?"

"घरी, पलंगावर. आईने हात धरलाय. इथलं काही दिसत नाही मला. तिथलंच दिसतं. काळं फासलंस तर तेवढंही जाईल."

ब्रशच्या टोकाला काजळीचा थेंब लोंबत होता. ताईने तो वाटीत टेकवला. ब्रश फळीवर ठेवला.

"मला बघायचंय मी कशात आहे ते. आरसा धर."

कामाचा छोटा आरसा होता, कडेला टवका उडालेला. ताईने तो तबकासमोर धरला.

"आता वर. त्या बाईच्या चेहऱ्याकडे."

ताईने आरसा वर सरकवला. "काही नाही तिथे. पापण्या मिटलेल्या आहेत."

"नाहीत गं."

ताईने चेहरा न्याहाळला. मिटलेल्या पापण्या, एकेक केस नीट काढलेला.

"कुणाकडे बघतेय?" तिने विचारलं.

"तुझ्याकडे."

"बघू दे."

"ताई, तुझा अंगठा."

आरशाच्या कडेने अंगठा कापला होता. तिला कळलंही नव्हतं. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. तिने हात उन्हात धरला.

रक्त करडं होतं.